दार ठोठावणाऱ्यांची वही

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण मी खुर्चीत बसले आहे आणि खुर्चीत बसून घातलेला साष्टांग नमस्कार म्हणजे सरळसरळ खोटं विधान झालं, तेव्हा आत्ता नुसताच नमस्कार घे. (उरलेला भेटीत घालीन.) तुझा गुडघा कसा आहे? धाकट्या काकांनी सांगितलं की पूल तपासायला तू अजूनही स्वतः शिडीवरून खाली उतरतेस आणि हाताखालची माणसं वरून नुसती वाकून बघतात. त्यांना उतरव ना. इकडे सगळे मजेत आहेत असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं दिसतंय त्याबद्दल क्षमस्व. आईची पाठ बरी आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं दिवसातून दोनदा लावतात, त्यामुळे घड्याळांची प्रकृती उत्तम आहे. माझं वजन भीतीने तीन किलो उतरलं, पण ते मला शोभतं असं आई म्हणते, तेव्हा ती तक्रार म्हणून धरू नये.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, आणि तेही कामासाठी, हे मला कळतं. पण काम काय ते शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं वाचल्याशिवाय काम कळणार नाही.

तर, आपल्या जिन्याखालच्या कपाटात मी सर्व्हर चालवते. नावाला दचकू नकोस. आईच्या कचेरीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आहे. त्याचा पडदा काढून टाकला, आत घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागद आणि आवाज भरले, आणि इंटरनेटची तार त्या कपाटातूनच घरात शिरते म्हणून त्याला तिथेच बसवलं. आता काकांनी तिकडे बसून नाव आणि पासवर्ड घातला की इकडे कपाटात हिरवा दिवा लुकलुकतो आणि त्यांच्या लग्नाचे फोटो निघून त्यांच्याकडे जातात. (अर्धेच जातात. त्याबद्दल पुढे.) लोक विचारतात, हे सगळं एखाद्या कंपनीकडे ठेवायला दिलं की झालं, घरात कशाला हा व्याप? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आजोबा आहेत. म्हणजे होते. चौतीस वर्षं आवक-जावक कारकून असलेल्या माणसाने मला शाळेच्या आधी वाचायला शिकवलं, ते बाराखडीच्या पुस्तकावरून नव्हे, आवक रजिस्टरवरून. त्यांचे नियम तुला पाठ असतील. घरचा कागद घरात. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाला उत्तर. आणि आवक-जावकच्या दोन वह्या कधी एका टेबलावर ठेवायच्या नाहीत, कारण एकदा का त्या शेजारी आल्या की गेलेलं आलेल्यात चढतं आणि आलेलं गेल्यात जमा होतं. माझ्या वयाच्या मुली चौथ्या वर्षी गाणी म्हणायच्या. मी पाहुण्यांसमोर "संदर्भ : आपले पत्र" म्हणून दाखवायचे.

घरगुती ब्रॉडबँडवर सर्व्हर चालवणं म्हणजे बोळात राहून गोदाम चालवणं. कंपनी असं गृहीत धरते की घरातली माणसं फक्त घेणार, देणार काही नाहीत. त्यामुळे घरात येणारा रस्ता चौपदरी आणि घराबाहेर जाणारी नुसती पायवाट. काकांचा फोटो निघतो तो त्या पायवाटेने, पट्टी पट्टी करत : आधी आकाश, मग केस, मग कपाळ. डोळ्यांपर्यंत आला की लाइन तुटते. काकांकडे आपल्या घरातली अशी अठरा कपाळं जमली आहेत. दुसरी गोष्ट पत्त्याची. प्रत्येक घराच्या जोडणीला कंपनी आकड्यांचा एक पत्ता देते, आणि लाइन तुटून परत आली की तो बदलते. घर तिथेच, जिना तिथेच, पत्ता नवा. कधी आठवड्याने, कधी चारच दिवसांनी. बाहेरच्यांना आपण सापडावं म्हणून मी एक नाव घेऊन ठेवलं आहे, आणि एक छोटा प्रोग्रॅम त्या नावाला दर वेळी सांगून येतो की आता आम्ही इथे राहतो. हे मला कधीच बरं वाटलं नाही. आपण जागचे हललो नाही आणि तरी कोणीतरी आपल्याला दुसरीकडे राहायला नेलं, ह्याची कुठेतरी नोंद हवी. म्हणून प्रत्येक नवा पत्ता मी एका निळ्या वहीत तारीख-वेळेसह लिहिते. ती वही वर, माझ्या खोलीत असते. (मी घरी बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या सूची करते. कोणता शब्द कोणत्या पानावर, एवढंच. पुस्तकात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळत नाही.)

आता जड भाग. घरच्यांपैकी सतरा जणांना मी नाव आणि पासवर्ड दिले. काकांच्या मेव्हण्यालासुद्धा दिला, ज्याला आपल्यापैकी कोणी नीट ओळखत नाही आणि जो फक्त स्वतःचेच फोटो बघतो. तुला दिला नाही. यादी बाबांना दाखवली होती. त्यांनी सगळ्या नावांपुढे खूण केली आणि तुझ्या नावापाशी पेन्सिल थांबवून म्हणाले, "अक्काचं नंतर बघू." (अजून अक्काच म्हणतात.) नंतर म्हणजे कधी, हे मी विचारायला हवं होतं. आजोबांनी तारीख घातल्याशिवाय कागद सोडला नसता. मी नुसतं "बरं" म्हटलं, आणि त्या "बरं"ला चौदा महिने झाले.

आणि ती टेप ह्याच कपाटात आहे, हे तुला माहीत असणार. तुमच्या भांडणातलं मला जेवढं कळलं तेवढं लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर. आजोबांनी कचेरीतला टेपरेकॉर्डर एकदा घरी आणला आणि आजी, तू आणि बाबा अशा तिघांचं अकरा मिनिटं बोलणं भरलं. आजी गेल्यावर तिचा आवाज असलेली ती एकच वस्तू उरली. तू म्हणालीस मला दे. बाबा म्हणाले, वर्षातून दोनदा येणारीला कशाला? त्यानंतर तू वर्षातून एकदाही आली नाहीस. पुढे ती फीत बुरशीने चिकटली; त्याआधी मी आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता, हे मी आयुष्यात वेळेवर केलेलं एकमेव काम. पण दुसरी प्रत काढायला बाबांनी मनाई केली. "प्रती काढल्या की वस्तूची किंमत जाते." मी मान डोलावली. म्हणजे आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला : आपल्या जिन्याखाली, मोडीतल्या कॉम्प्युटरमध्ये, एका घरगुती जोडणीच्या टोकाला. हे वाक्य मनात आलं की मी उठून कपाटाला हात लावून येते. ते कोमट असतं. जिवंत माणसाच्या पाठीइतकं.

सर्व्हर सुरू केला त्या दिवशी मी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्र स्वतः लिहितं ती नोंद : कोण आलं, कोणत्या पत्त्यावरून आलं, काय पासवर्ड घातला. आत्या, तोपर्यंत मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. काकांना नाही, आईलाही नाही. आणि एकशे चाळीस जण येऊन दार ढकलून गेले होते. दुसऱ्या दिवशी नऊशे. ही माणसं नसतात म्हणे. जगभरातले प्रोग्रॅम प्रत्येक दाराची कडी हलवून बघत फिरतात, दमत नाहीत आणि चिडत नाहीत. कोणी 'मॅनेजर' म्हणून येतं, कोणी 'पाहुणा' म्हणून. एक जण पूर्ण दोन दिवस, दर चाळीस सेकंदांनी, नावाची जागा कोरी ठेवून येत होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी रोजचे नऊशे, तेही हजेरी लावून.

शहाण्या माणसाने दार घट्ट लावून घेतलं असतं. मीही लावलं (पासवर्ड सोळा अक्षरांचे आहेत, त्याबद्दल निश्चिंत राहा). पण कोणी दारापर्यंत आलं आणि विचारपूस न होता परत गेलं, असं आपल्या घरात झालेलं नाही. म्हणून मी एक पान केलं. पासवर्ड तीनदा चुकला की ते उघडतं : 'आपण कोण? काय काम होते? लिहून ठेवावे. उत्तर दिले जाईल.' उत्तर त्याच पानावर खाली दिसतं. आणि जो निरोप येईल तो, पत्त्यासह, क्रमांक घालून लाल वहीत. (लाल वही खाली, कपाटापाशी. निळी वर, लाल खाली. नियम म्हणजे नियम.) पहिल्या आठवड्यात केस उगवण्याच्या औषधाबद्दल साठ निरोप आले. मी साठही जणांना कळवलं की सध्या आमच्याकडे गरज नाही, तरी वडिलांना विचारून सांगते. त्याने त्यांचा हुरूप वाढून पुढच्या आठवड्यात चार हजार आले. बाबांनी लाल वही चाळली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "तू चोरांना पोच देतेस?"

क्रमांक चार हजार एकशे सतरा. मंगळवार, दुपारी सव्वाचार. नाव : घरचं माणूस. काम : ऐकायचं होतं.

मी तो निरोप कपाटासमोर उभी राहून वाचला. यंत्राचा पंखा फिरत होता, आई कामावर होती, बाबा त्यांच्या खोलीत होते, आणि जिन्यावर ऊन पडलं होतं. घाबरावं असं तिथे काहीही नव्हतं, हीच गोष्ट मला सहन होईना. तरी नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं : 'आपला निरोप मिळाला. काय ऐकायचे होते ते कळवावे.' आठ दिवसांनी, पुन्हा सव्वाचारला, क्रमांक चार हजार नऊशे दोन : 'आई कोण आहे म्हणून विचारते, तिथपर्यंत.'

टेपच्या शेवटी काय आहे ते तुला आठवत असेल. दार वाजतं. आजी म्हणते, "कोण आहे? थांबा हं, आले." आणि फीत संपते. कोण आलं होतं ते टेपवर नाही. ती फाईल फक्त बाबांच्या आणि माझ्या पासवर्डने उघडते; सतरांपैकी बाकी कोणाला ती आहे हेसुद्धा ठाऊक नाही. मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मग, आलेल्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून, लिहिलं : 'आपण घरचे आहात तर प्रत्यक्ष का येत नाही?' त्यावर क्रमांक पाच हजार तीनशे चाळीस : 'तिसरी पायरी वाजते. सगळ्यांना कळेल.'

त्या दिवसापासून मी जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय देत नाही. तिला राग येऊ नये म्हणून, की दुसऱ्या कोणाची तिथे जागा असेल म्हणून, ते मला सांगता येणार नाही. चहाचा कप हातात असला तरी देत नाही. एकदा सांडला.

आता मी तुझी क्षमा मागणार आहे. मला वाटलं ती तू आहेस. पायरी ठाऊक, टेप ठाऊक, आजीला आई म्हणणारं माणूस, आणि यादीत नाव नसल्यामुळे बाहेर उभं. शिवाय तिन्ही निरोप तीन वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेले. तू आज ह्या पुलावर तर उद्या त्या पुलावर, तेव्हा पत्ता बदलणारच. सगळं जुळत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तू कुठल्यातरी विश्रामगृहात गुडघ्याला पट्टी बांधून बसलेली आणि सोळा अक्षरं अंदाजाने घालून बघणारी. मी तीनदा 'आत्या, तू का?' असं लिहिलं आणि तीनदा पुसलं. तू निघालीस तर पासवर्ड द्यावा लागणार, द्यायचा तर बाबांना विचारावं लागणार, विचारलं तर नाही म्हणतील, आणि मग मला तुला लेखी नाही म्हणावं लागणार, क्रमांक घालून. त्यापेक्षा भूत परवडलं.

चौथा निरोप, क्रमांक पाच हजार सहाशे अकरा, मी शुक्रवारी सकाळी उघडला. नाव तेच. काम : 'कपाटात टकटक होतंय. तू वाट बघू नकोस.'

आधीचे तीन निरोप कोणाला उद्देशून नव्हते. ह्याने मला तू म्हटलं होतं. मी गुडघ्यांवर बसून कपाटात डोकं घातलं आणि यंत्राला कान लावला. पंख्याच्या आवाजाखाली, अगदी खोल, टक. मग काही नाही. मग टक टक. कोणीतरी आतून, अदबीने, घाई नसल्यासारखं.

माझी किंकाळी ऐकून बाबा आले नाहीत. घड्याळं लावत होते.

नेटवाला शनिवारी आला. मी त्याला लाइन तुटते म्हणून बोलावलं होतं आणि पुरावा म्हणून निळी वही खाली आणली होती. आधी त्याने मला ऐकवलं की मॅडम, घरच्या कनेक्शनवर असली दुकानं मांडायची नसतात. मग मी त्याला कपाटाशी बसवून टकटक ऐकवली. त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. म्हणाला, ही डिस्क आहे, म्हणजे जिच्यावर सगळं लिहिलेलं असतं ती तबकडी. मरायला टेकली की अशी वाजते. माझ्या मेव्हण्याची अशीच वाजत होती, आठवड्यात गेली. आत जे असेल ते आजच काढून घ्या. मी म्हटलं, काढता येत नाही, वडिलांची मनाई आहे. मग नजर कुठे ठेवावी हे न कळून त्याने लाल वही उचलली आणि निळ्या वहीशेजारी, त्याच स्टुलावर, उघडी ठेवली. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत ठेवलीसुद्धा.

"हे लाल वहीत घरचं माणूस म्हणून कोण आहे, त्याचे पत्ते का हे?"

"हो."

"आणि निळ्या वहीतले?"

"आमचे. त्या त्या दिवशीचे."

तो एका वहीवर एक बोट आणि दुसरीवर दुसरं ठेवून हळूहळू खाली आला. चार ठिकाणी थांबला. "मॅडम, हे एकच आहेत."

त्याने समजावलं ते असं : घरातल्याच कॉम्प्युटरवरून कोणी ते बाहेरचं नाव घालून दार वाजवलं, की निरोप उंबऱ्याबाहेर पडतो आणि तिथूनच वळून परत आपल्याच दाराशी येतो. यंत्राला दिसतं की आपल्याच पत्त्यावरून कोणी आपल्याकडे आलं आहे. म्हणजे, आत्या, काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून तुझ्या पुलांपर्यंत पोचलेली. दोन्ही वह्या माझ्याच अक्षरात होत्या. पाच आठवडे त्या एका घरात होत्या. एकदा शेजारी ठेवल्या असत्या तर पहिल्याच मंगळवारी कळलं असतं. नेटवाल्याने एकवार जिन्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि चहा न घेता गेला.

सोमवारी दुपारी चार वाजता मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. चार वाजून दहा मिनिटांनी बाबा त्यांच्या खोलीतून आले, चपला हातात. पहिली पायरी, दुसरी, मग कठड्याला धरून तिसरी ओलांडून एकदम चौथी. ह्या वयात. मी त्याच पावलांनी मागे गेले. वर आजोबांच्या खोलीत घरातला दुसरा, जुना कॉम्प्युटर चालू होता आणि बाबा एका बोटाने अक्षरं दाबत होते, प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघत.

"बाबा, घरचं माणूस तुम्ही?"

दचकले, पण कबूल होतील तर ते बाबा कसले. "मग बाहेरचं आहे का मी?"

"तुम्हाला पासवर्ड दिलाय की. यादीत पहिलं नाव तुमचं."

"सोळा अक्षरं! आईने सोळा अक्षरांत मला वाढवलं असतं." मग पडद्याकडे बघत, "विसरलो."

"मग मागायचा. नाव का नाही घातलंत?"

"नाव घातलं असतं तर तू लगेच दिला असतास."

"तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

बाबांनी खुर्ची फिरवली. म्हणाले, दिला असतास तर ऐकून टाकलं असतं, एकट्याने, आणि संपलं असतं. त्या अकरा मिनिटांत अर्धा आवाज अक्काचा आहे. मग माझ्याकडे न बघता, जवळजवळ ओरडून : "मी तुला म्हणालो होतो, अक्काचं नंतर बघू. तू परत विचारलंच नाहीस!"

आत्या, चौदा महिने हा माणूस वाट बघत होता की मी विचारीन. आणि मी वाट बघत होते की ते सांगतील. आणि मध्ये कपाटात डिस्क वाजत होती. मी विचारलं. तिथल्या तिथे, उभ्यानेच. ते म्हणाले, "काढ प्रत." अकरा मिनिटं उतरवायला पाऊण तास लागला, कारण डिस्क मध्येच थांबायची आणि टकटक करायची, आणि ती थांबली की आम्ही दोघं श्वास थांबवायचो. बाबा पूर्ण वेळ टॉर्च धरून उभे होते. दिवा चालू होता, टॉर्चची गरज नव्हती. प्रत उतरली. रात्रीतून बाकीचे फोटो, कागद आणि लॉगही नव्या डिस्कवर आले. मंगळवारी सकाळी डिस्क बंद पडली ती पडलीच.

तर भूत वगैरे काही नव्हतं. वडील होते. पत्र लांबलं, सांभाळून घे. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. : आता काम. ह्या धंद्यात असा नियम आहे की एक प्रत दुसऱ्या घरात असावी. एकाच कपाटात दोन ठेवल्या तर आगीला दोन्ही सारख्याच. मी बाबांना विचारलं, कोणाच्या घरी? ते म्हणाले, "हे काय विचारणं झालं? अक्काकडे." सोबतच्या डबीत ती आहे, अकरा मिनिटं पूर्ण. तुला करायचं काही नाही, फक्त तुझ्याकडे ठेवायची. वाटलं तर ऐकायची. शिवाय यादीत तुझं नाव घातलं आहे, बाबांनी त्यापुढे शाईने खूण केली. पासवर्ड उद्याच्या वेगळ्या पत्राने येईल, नाव आणि पासवर्ड एका पाकिटात घालत नाहीत.

ता. क. दुसरा : पत्रात ज्याचा उल्लेख आहे त्याला जावक होण्याआधी ते दाखवावं, म्हणून हे बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चौथा माझा नाही." मला वाटलं, कबुली देऊन आता लाजतात. पण ते म्हणाले, कपाटात टकटक होते हे मला सोमवारी तुझ्याकडून कळलं. मग मी यंत्राचा लॉग काढला. माझी चूक आहे : कागद ज्या दिवशी उघडला ती तारीख वहीत घालायची, म्हणून मी शुक्रवार लिहिला होता. तो निरोप आला होता गुरुवारी, दुपारी चार वीसला. गुरुवारी तीनपासून सहापर्यंत आम्ही तिघंही बाबांच्या दाढेसाठी दवाखान्यात होतो. त्यांचा चष्मा माझ्या हातात होता. घराला कुलूप होतं. नेटवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, पत्ता तुमचाच आहे तर निरोप घरातूनच गेला, आणि कृपा करून आता मला फोन करू नका.

तेव्हा मी विचार केला. मागच्या दाराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. ते कुलूप दोनदा गंजलं, बाबांनी दोन्ही वेळा तेल घातलं पण बदललं नाही. त्या पानाबद्दल काकांनी तुला सांगितलं होतं म्हणे. (कधी ते त्यांना आठवत नाही.) आणि गुरुवारी आम्ही परत आलो तेव्हा ओट्यावर एक कप विसळून पालथा घातलेला होता. मला वाटलं आईने घातला, आईला वाटलं मी. आम्ही कोणी कप पालथा घालत नाही. आजी घालायची. तूही घालत असशील. घालतेस ना?

एवढंच कळव, की त्या गुरुवारी तू येऊन गेलीस. आली असशील तर पुढच्या वेळी आम्ही घरी असताना ये, बाबा चार वाजता काहीच करत नाहीत. आणि आली नसशील, तर आत्या, मी आजवर कोणाला खोटं लिहायला सांगितलेलं नाही, पण तरीही उलट टपाली 'आले होते' असंच लिही.